मुलाचा आवाज फुटला. आता कॉयर सोडायचा का?

सप्टेंबरमधल्या एका रविवारी आमचा मुलगा तालमीहून आला, गाण्याची फाइल सोफ्यावर टाकली आणि म्हणाला, ‘‘आई, डिसेंबरच्या कार्यक्रमाला तुम्ही कोणी येऊ नका.’’

वय तेरा, इयत्ता आठवी. चार वर्षं तो पुण्यातल्या एका मुलांच्या कॉयरमध्ये गातोय. शाळेतल्या समूहगानात बहुतेक वेळा सगळे एकच चाल गातात. कॉयरमध्ये तीन-चार गट एकाच वेळी वेगवेगळे सूर गातात आणि ते एकमेकांत बसावे लागतात. सर्वांत वरचा गट सोप्रानो, त्याखाली आल्टो, मग टेनर आणि तळाला बास. आमचा मुलगा सोप्रानोत, पहिल्या रांगेत. यंदा आठ ओळी त्याला एकट्याला होत्या. त्या गाताना वरच्या सुरावर आवाज चिरकला. एकदा नाही, तीनदा. मुलं हसली.

घरात उपाय लगेच सुरू झाले. सासूबाईंनी ज्येष्ठमध आणि खडीसाखर काढली, दही बंद केलं. ह्यांचं म्हणणं, ‘‘नाहीतरी पुढच्या वर्षी नववी. आता पुरे.’’ मी गप्प होते. खरं सांगायचं तर त्या आठ ओळी जाणार याचं दुःख त्याच्यापेक्षा मलाच जास्त होतं. नातेवाईकांना तारीख आधीच सांगून ठेवली होती ना!

आवाज ‘फुटतो’ म्हणजे काय होतं?

वयात येताना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे मुलाचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं. गळ्यावर कंठमणी दिसू लागतो तो त्याचाच पुढचा भाग. आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. लहान मूल बोलतं तेव्हा हे तंतू सेकंदाला साधारण 250 ते 300 वेळा कंप पावतात, प्रौढ पुरुषाचे साधारण 100 ते 130 वेळा. म्हणजे आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. अडचण अशी की तंतू बदलले तरी ते ताणणाऱ्या स्नायूंची सवय जुनीच असते. तंबोऱ्याची तार रातोरात बदलावी आणि गवयाला कोणी सांगूच नये, तसं. म्हणून सूर घसरतो, चिरकतो, मध्येच नाहीसा होतो. हे बहुतेकांना बारा ते पंधरा या वयात होतं. सर्वांत त्रासाचा काळ काही महिने ते वर्षभर असतो. आवाज पुरता बसायला त्याहून जास्त वेळ लागतो. दह्याचा यात काही दोष नाही.

मुलींचाही आवाज बदलतो. तो दोन-तीन सूर खाली येतो आणि काही काळ त्यात हवा जास्त ऐकू येते. पण तो फुटत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. मुलींना वाटतं, आपलाच रियाज कमी पडला.

पूर्वी अशा मुलांचं काय व्हायचं?

बहुधा बाहेरचा रस्ता. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये गाणाऱ्या जोसेफ हायडनला 1749च्या सुमारास, सतराव्या वर्षाच्या आसपास, कॉयरमधून काढलं गेलं. त्याच शहरात राजदरबारच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या फ्रान्झ शुबर्टचा आवाज 1812 मध्ये, पंधराव्या वर्षी फुटला. शेवटच्या दिवशी त्यानं स्वरलिपीच्या कागदावर तारीख घालून, आपण शेवटचं आरवल्याची नोंद करून ठेवली. (मुलाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो त्या महिन्यात पहिल्यांदा हसला.) आता मुलं लवकर वयात येतात, त्यामुळे हा प्रसंग तेराव्या वर्षीच दारात उभा राहतो. आपल्याकडे संगीत नाटकांच्या काळात स्त्री-भूमिका करणाऱ्या मुलांनाही हीच धास्ती असे.

मग गाणं थांबवायचं का?

पूर्वी अनेक शिक्षक आवाजाला पूर्ण विश्रांती द्यायला सांगत. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत आयर्विन कूपर यांनी उलट मांडणी केली: मुलाला गाऊ द्या, फक्त आजच्या आवाजात जे सूर आहेत तेवढेच द्या. अशा आवाजाला त्यांनी ‘कॅम्बियाटा’ म्हटलं. पुढे 1970च्या दशकात जॉन कुक्सी यांनी या बदलाचे टप्पे मांडले. आज अनेक कॉयरशिक्षक हीच वाट धरतात.

आमच्या मॅडमनीही तेच केलं, पण ते आम्हाला उशिरा कळलं. दोन रविवार मुलगा तालमीत नुसते ओठ हलवत होता. मॅडमच्या ते लक्षात आलं. तालीम संपल्यावर त्यांनी त्याला पियानोजवळ थांबवलं आणि वरून खाली भोंग्यासारखा आवाज सोडायला सांगितला. नीट लागणारे सूर मोजले. सहा निघाले. त्या सहा सुरांत बसेल अशी खालची ओळ त्यांनी वहीत लिहून दिली आणि त्याला मागच्या रांगेत, टेनरमध्ये उभं केलं. आठ ओळी सहावीतल्या एका मुलीकडे गेल्या.

एकट्यानं गायच्या स्पर्धेत सहा सुरांच्या मुलाला कोण उभं करणार? कॉयरमध्ये त्याला दुसरी रांग मिळते. मला हे कळायला वेळ लागला, कारण इतकी वर्षं मी तिथे फक्त त्याचाच आवाज शोधत होते.

डॉक्टरांकडे कधी जावं?

चिरकणं हा आजार नाही. मात्र गाताना-बोलताना दुखत असेल, सर्दी-खोकला नसताना आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला असेल, किंवा शरीर मोठं होऊनही सोळा-सतराव्या वर्षी आवाज लहान मुलासारखाच राहिला असेल, तर कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवा. शेवटच्या प्रकारात वाचा-उपचारानं बहुधा चांगला फरक पडतो. ओरडून किंवा ताणून जुना सूर गाठायला लावू नका. पाहुण्यांसमोर ‘‘गाऊन दाखव’’ हेही काही दिवस राहू द्या.

डिसेंबरमध्ये आम्ही गेलो. त्यानं नको म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही. मागच्या रांगेत तो अर्धा झाकला गेला होता. सासूबाईंनी सगळं गाणं मोबाइलवर घेतलं आणि घरी येऊन तीनदा लावलं. ‘‘तुझा आवाज कुठला रे?’’ त्यानं आवाज वाढवला, बोट वर करून थांबला आणि शेवटचा सूर आला तेव्हा म्हणाला, ‘‘तो खालचा आहे ना आजी, जाडा, तो आम्ही चौघं.’’