विजारींची मापे

लंडन शहरातील तांबड्या दुमजली बसगाड्या जगप्रसिद्ध आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरही १९३७ सालापासून दुमजली गाड्या धावू लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लंडनच्या अशा प्रत्येक गाडीवर दोन माणसे काम करीत. एक चालक, तो पुढील लहानशा कोठडीत बसून गाडी हाकी. दुसरा वाहक, तो उतारूंना तिकिटे देत खालून वर आणि वरून खाली सतत फिरत असे. दोघेही एकाच श्रमिक वर्गातील, एकाच संस्थेचे नोकर आणि एकाच शहराची हवा घेणारे. मोठा भेद होता तो कामाच्या रीतीत. चालकाच्या कामाच्या वेळेपैकी सुमारे ९० टक्के वेळ बसण्यात जाई, तर वाहकाला दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढाव्या लागत.

या जोडीकडे डॉक्टर जेरेमी मॉरिस यांचे लक्ष गेले. युद्धकाळात त्यांनी ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातून हिंदुस्थानात काम केले होते. युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्यांची संख्या वाढत चालल्याचे दिसत होते आणि त्याचे कारण कोणालाच नीट उमगत नव्हते. एकेका रोग्याच्या छातीला नळी लावून ते उमगणारही नव्हते. असे कोडे सोडवावयाचे तर माणसांचे मोठमोठे समूह शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारांच्या नोंदी तपासल्या. त्यांचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी प्रमाणात होई, अधिक उशिरा होई आणि झालाच तर त्याचे स्वरूप पुष्कळदा सौम्य असे. टपाल खात्यातही तोच प्रकार आढळला. दारोदार पत्रे पोहोचविणारे टपालवाले हे खुर्चीवर बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा या रोगापासून अधिक सुरक्षित होते.

परंतु मॉरिस एवढ्यावर थांबले नाहीत. चालक आणि वाहक यांच्या शरीरयष्टीतच मुळात काही अंतर असेल काय, अशी शंका त्यांना आली. हजारो माणसांची कंबर मोजावयाची कशी? त्यांना एक मोठी गमतीची युक्ती सापडली. वाहतूक संस्था आपल्या नोकरांना गणवेश शिवून देत असे आणि प्रत्येकाच्या विजारीचे व कोटाचे माप तिच्या दप्तरात लिहिलेले असे. माप घेणाऱ्या शिंप्याला आपण वैद्यकशास्त्राची सेवा करीत आहोत याची कल्पनाही नसेल! ही मापे पडताळून पाहता असे दिसले की, वय आणि उंची सारखी असली तरी चालकांच्या विजारी वाहकांच्या विजारींपेक्षा कंबरेत रुंद होत्या. हा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला.

तथापि तरुण चालकांच्या विजारीही रुंदच निघाल्या. म्हणजे बसून काम केल्याने ते स्थूल झाले, की मुळात स्थूल असलेली माणसेच चालकाचे काम पत्करीत होती, हा प्रश्न उरलाच. पुढे अधिक बारकाईने पाहिले तेव्हा सडपातळ चालक आणि सडपातळ वाहक यांच्यातही हृदयविकाराने अकस्मात मरण येण्याचे प्रमाण चालकांत अधिक आढळले. बैठे काम आणि वाढलेला मेद या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींना साहाय्य करतात एवढेच.

मेद हा काही शरीराचा जन्मजात शत्रू नव्हे. तो शरीराचे कोठार आहे. एक ग्रॅम साखरेपासून सुमारे ४ कॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम चरबीपासून सुमारे ९. म्हणून थोड्या जागेत पुष्कळ शिधा साठवावयाचा तर चरबीसारखे साधन नाही. दूरच्या प्रवासाला निघणारे पक्षी उड्डाणापूर्वी अंगावर चरबी साठवितात आणि उंटाच्या मदारीत असते तीही चरबीच. मनुष्यजातीने हजारो वर्षे दुष्काळ सोसले. त्या काळी ज्याचे कोठार भरलेले, तो तरला. अडचण उत्पन्न होते ती कोठारात भर रोज पडत जाते आणि उचल मात्र होत नाही तेव्हा. त्वचेखालील जागा पुरेनाशी झाली की चरबी पोटातील इंद्रियांभोवती आणि यकृतातही साठू लागते. तेथून ती रक्तात उतरते. मग रक्तातील साखर पेशींत पोहोचविण्याचे इन्शुलिनचे काम अडखळते, स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन तयार करावे लागते आणि अखेर ते थकले म्हणजे मधुमेह जडतो. रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात आणि हृदयविकार व पक्षाघात यांना वाट मोकळी होते. गुडघ्यांची झीज होते. काही प्रकारचे कर्करोगही स्थूल माणसांत अधिक प्रमाणात आढळतात.

विजारीचे माप जे सांगते ते वजनाचा काटा सांगेलच, असा मात्र नेम नाही. याचे एक मनोरंजक उदाहरण पुण्याशी निगडित आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, तो दोघांचाही सारखाच, म्हणजे सुमारे २२ होता. दिसण्यात दोघेही सडपातळ. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी होती सुमारे ९ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात सुमारे २१ टक्के! भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून मेदयुक्त असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखविले. याचे मूळ जन्मापूर्वीच असते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले, तर इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील इंद्रिये त्या मानाने लहान होती. पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. मातांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुपोषणाची ही खूण असावी, असे संशोधकांना वाटते. एकाच देशात उपासमार आणि स्थूलता एकत्र कशा नांदतात, याचे उत्तर त्या लहानग्या पाठींवर काही अंशी लिहिलेले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगातील दर आठ माणसांपैकी एक स्थूलतेने ग्रस्त होता. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. इतके कोटी लोक एकाच वेळी आळशी किंवा खादाड झाले, असे मानणे हास्यास्पद होय. वर्गातील एखाद्या जाड मुलाला चिडविणारे नेमके हेच मानतात. वस्तुतः बदलले आहे ते भोवतालचे जग. साखर आणि तेल स्वस्त झाले, गोड पेये कोपऱ्यावरच्या दुकानात येऊन बसली, खेळाची मैदाने आकसली आणि जिन्याची जागा उद्वाहकाने घेतली.

म्हणून यावरील उपायही केवळ एकेका घराने करावयाचे नसतात. ब्रिटनने २०१८ साली अधिक साखर असलेल्या पेयांवर कर बसविला. तो चुकविण्यासाठी पुष्कळ उत्पादकांनी आपल्या पेयांतील साखरच कमी केली. म्हणजे ज्याला या कराची वार्ताही नव्हती, त्याच्याही पेल्यातील साखर उतरली. भारतात २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना, कोणत्या पदार्थात किती साखर असते हे दाखविणारे फलक लावण्यास सांगितले.

मॉरिस स्वतः उतारवयातही चालत आणि पोहत असत. ते २००९ साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी वारले. त्याच्या चार वर्षे आधी, डिसेंबर २००५ मध्ये, मागील बाजूस उघडा जिना असलेल्या जुन्या दुमजली गाड्या लंडनच्या नित्याच्या मार्गांवरून काढून घेण्यात आल्या. त्यांच्याबरोबर तो पायऱ्या चढणारा वाहकही गेला. नव्या गाड्यांवर उतारूंकडे लक्ष देण्याचे कामही चालकच आपल्या आसनावर बसून करू लागला.