विद्युत् वाहनांतील ऊर्जासंचय

विजेवर चालणाऱ्या वाहनाला लागणारी ऊर्जा वाहनातच साठविण्याची व्यवस्था. हे कार्य मुख्यत्वे संचायक विद्युत् घटांच्या मालेकडून होते. असे वाहन नवे नाही. १८९९ मध्ये कामीय झनात्सी यांनी ताशी १०० किमी.हून अधिक वेग गाठला, तो विजेच्या मोटारगाडीतूनच. अडचण घटाच्या वजनाची होती. गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेल्या शिसे-अम्ल घटात दर किग्रॅ.ला ३०–४० वॉट-तास ऊर्जा मावते. पेट्रोलात ती सु. १२,००० वॉट-तास असते. एंजिनात तिचा मोठा भाग उष्णतारूपाने वाया जातो हे जमेस धरले, तरी तफावत प्रचंड राहते.

लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आले आणि पुढे त्यांच्या काही प्रकारांत हा आकडा २५० वॉट-तासांपर्यंत पोहोचला. द्रवाऐवजी घन विद्युत् विच्छेद्य वापरून तो आणखी वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु लिथियम भूकवचात दशलक्ष भागांत सु. २० भाग इतकेच, तेही विखुरलेले आढळते. त्यामुळे भारतासारख्या आयातीवर अवलंबून असणाऱ्या देशाच्या दृष्टीने सोडियम-आयन घट अधिक विचारार्ह ठरतो.

या घटाचे तत्त्व लिथियम-आयन घटासारखेच आहे : भारण व विसर्जन होताना आयन दोन अग्रांमध्ये ये-जा करतात. भूकवचात सोडियम दोन टक्क्यांहून अधिक आहे. मात्र त्याचा आयन आकाराने मोठा असल्याने ग्रॅफाइटाच्या थरांत तो नीट सामावत नाही. म्हणून ऋण अग्रासाठी अव्यवस्थित संरचनेचा कठीण कार्बन वापरतात. लिथियमाची ॲल्युमिनियमाशी मिश्रधातू बनते, सोडियमाची बनत नाही. त्यामुळे ऋण अग्रामागील महागड्या तांब्याच्या पत्र्याऐवजी ॲल्युमिनियमाचा पत्रा चालतो. थंडीतही हा घट बऱ्यापैकी काम देतो. एका चिनी कंपनीने २०२१ मध्ये दर किग्रॅ.ला १६० वॉट-तास क्षमतेचा असा घट जाहीर केला. भारतात पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने तेथील आयसर संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये पुढे आणले.

स्वस्ताईचा दावा मात्र जपून घ्यावयास हवा. २०२२ च्या अखेरीनंतर लिथियमाचे भाव कोसळले आणि सोडियमाची किंमतीतील आघाडी बरीचशी ओसरली. लिथियम-लोह-फॉस्फेट घटही स्वस्त व टिकाऊ असल्याने खरी स्पर्धा त्याच्याशीच आहे. लांब पल्ल्याच्या मोटारींपेक्षा शहरांतर्गत फिरणाऱ्या दुचाकी व तीनचाकी वाहनांत सोडियम घटाला अधिक वाव दिसतो. कारण तेथे रोजचा प्रवास ठराविक असतो आणि घटमालेचे थोडे जादा वजन खपून जाते.