रिकामा डिमर किती तापतो?

रंगमंचावरचा १००० वॅटचा हॅलोजन दिवा पूर्ण पेटला, की त्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या थायरिस्टरच्या डिमरमध्ये साधारण २० ते ३० वॅटची उष्णता होते. दिवे बंद असताना मात्र फक्त नियंत्रणाचं सर्किट चालू असतं. म्हणून तेव्हा डिमरचा रॅक खोलीपेक्षा थोडासाच कोमट हवा. मे महिन्यात सांगली-साताऱ्यात पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा रॅकचा पत्रा ४५ अंशांवर गेला तरी घाबरू नये. पण बऱ्याच रॅकना भोवतालची हवा ४० अंशांपर्यंतचीच चालते. तेव्हा खोलीत वारा खेळता हवा. आणि एकच कप्पा शेजारच्यांपेक्षा तापलेला लागला, तर प्रयोगाआधी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.