एका ओळीची चाळणी

आपल्या वस्तीतील कितीतरी मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. घरात विचारायला कोणी नसते, म्हणून पुष्कळ जण पहिल्याच अवघड ओळीला अडतात. पायथन या भाषेतील अशीच एक ओळ आम्ही येथे उलगडून दाखवीत आहोत. आई-वडिलांनीही वाचावी. ज्यांनी जयंतीच्या वर्गणीची वही सांभाळली आहे, त्यांना ती सहज कळेल.

पाच मुलांना ५० पैकी गुण मिळाले : ३६, १९, २८, ४१, २२. ज्यांना २५ किंवा अधिक आहेत, त्यांचेच गुण टक्केवारीत हवेत. कारकून काय करतो? नवा कागद घेतो, एकेका आकड्यावर बोट ठेवतो, २५ च्या खालचे सोडतो, उरलेल्यांची दुप्पट करून लिहितो. संगणकालाही हे चार-पाच ओळींत सांगता येते. पण २००० साली पायथनच्या २.० आवृत्तीत 'लिस्ट कॉम्प्रिहेन्शन' ही सोय आली आणि काम एका ओळीवर आले :

[ग * २ फॉर ग इन गुण इफ ग >= २५]

विद्यार्थी मित्रांनो, ही ओळ मधून वाचा. 'गुण' या यादीतून एकेक 'ग' उचल. तो २५ किंवा अधिक असेल तरच घे. घेतलास की दुप्पट कर. उत्तर : ७२, ५६, ८२. मूळ यादी जशीच्या तशी राहते. (फॉर, इन, इफ आणि आकडे इंग्रजीतच टंकावे लागतात. 'गुण' हे नाव मात्र देवनागरीत दिले तरी पायथन ३ ला चालते, याचे आम्हांला कौतुक वाटते.)

खरी मेख त्या 'इफ'मध्ये आहे. समजा, एखाद्या मुलीचे गुण भरायचेच राहिले. रिकाम्या जागेला पायथनमध्ये 'नन' म्हणतात. पायथन ३ तिची २५ शी तुलना करीत नाही, चूक दाखवून थांबतो. जावास्क्रिप्ट भाषेत हेच काम 'फिल्टर' आणि 'मॅप' यांनी होते. तेथे 'नल' म्हणून नोंदलेली रिकामी जागा अशा तुलनेत शून्य धरली जाते आणि मुलगी गुपचूप यादीबाहेर पडते! शिष्यवृत्तीची यादी अशी निघाली तर? गळलेले नाव यादी वाचणाऱ्याला दिसतच नाही.

म्हणून निवड करण्याआधी रिकाम्या जागा वेगळ्या काढाव्यात :

[ग फॉर ग इन गुण इफ ग इज नन]

त्यांची संख्या मोजावी. शून्य आली तरच पुढे जावे. नाहीतर संगणक बाजूला ठेवून आधी त्या मुलीच्या घरी जावे आणि गुणपत्रिका मागून घ्यावी.