मोठ्यांच्या कांजिण्या आणि पहिले चोवीस तास

फाल्गुन उतरणीला लागतो, कडुनिंबाची जुनी पानं गळून तांबूस पालवी फुटते आणि त्याच सुमारास आमच्या दवाखान्यांत कांजिण्यांचे रुग्ण दिसू लागतात. रोग आणि त्यावरचा पाला निसर्गानं एकाच वेळी धाडावा, याचं आपल्या वाडवडिलांना वाटलेलं अप्रूप मी समजू शकतो. घरात कुणाला कांजिण्या आल्या की दाराला निंबाचा डहाळा, अंथरुणाखाली निंबाचा पाला, फोडणी-तळण बंद, रुग्णाला आळणी जेवण आणि फोड सुकेपर्यंत आंघोळ नाही, ही रीत अनेक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सहा-सात वर्षांचं पोर चार दिवस अंग खाजवतं, कुरकुरतं आणि दहाव्या दिवशी अंगणात खेळायला पळतं. त्यामुळे कांजिण्या म्हणजे लहानपणी उरकून जाणारं एक किरकोळ दुखणं, अशी आपली पक्की समजूत झाली आहे. लहान मुलांपुरती ती बरीचशी खरीही आहे.

अडचण येते ती हेच दुखणं तिशी-चाळिशीतल्या माणसाला होतं तेव्हा. गेली तीसेक वर्षं मी एका तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी असा एखादा तरी रुग्ण येतो, की ज्याला घरच्यांनी चार-पाच दिवस पाल्यावर निजवून ठेवलेलं असतं. त्याची हेळसांड झालेली नसते, उलट मायेनं सगळं केलेलं असतं. पण जे करायला हवं होतं त्याची वेळ टळून गेलेली असते. मोठ्या माणसाच्या कांजिण्या हा वेगळा आजार समजून वागलं पाहिजे आणि त्यात पहिल्या २४ तासांना फार मोल आहे, एवढं एकच सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

देवी गेल्या, रीत राहिली

देवी आणि कांजिण्या हे दोन निराळे रोग आहेत, हे लंडनच्या विल्यम हेबरडेन या वैद्यानं १७६७ साली नीट मांडून दाखवलं. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर दाट येत आणि एका भागातले सगळे फोड एकाच अवस्थेत असत. कांजिण्या छाती-पाठीवर जास्त येतात आणि शेजारी शेजारी एक लाल ठिपका, एक पाण्यानं भरलेला फोड आणि एक खपली अशा तिन्ही अवस्था दिसतात. वैद्यकानं फरक केला, तरी लोकमानसात दोन्ही एकाच आईचे कोप राहिले. म्हणून तर आजही काही घरांत कांजिण्यांनाही ‘देवी आल्या’ असंच म्हणतात.

आपल्या देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. रोग गेला, पण त्याच्यासाठी घातलेले निर्बंध मागे राहिले. ते निर्बंध निर्बुद्धपणाचे होते, असं मला वाटत नाही. देवीवर गुणकारी औषध नव्हतंच. अशा वेळी रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवणं, येणाऱ्या-जाणाऱ्याला मज्जाव करणं, पचायला हलकं अन्न देणं, याहून अधिक करण्यासारखं माणसाच्या हाती काय होतं? ‘आईवर औषध चालत नाही’ हा नियम त्या लाचारीतून आला असावा. फरक इतकाच की कांजिण्यांवर आज औषध आहे. तरीही आपण तो जुना नियम पाळतो आहोत.

एका घराची गोष्ट

काही वर्षांपूर्वीचा मार्च महिना. वेल्डिंगचं वर्कशॉप चालवणारा चौतिशीचा एक गृहस्थ. त्याच्या पाच वर्षांच्या मुलाला बालवाडीतून कांजिण्या आल्या आणि पोरगं हसतखेळत बरं झालं. पंधरा दिवसांनी बापाला कणकण आली, अंग मोडून आलं आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर फोड दिसले. मुलाच्या वेळी झालं तसंच सगळं करण्यात आलं. पाचव्या दिवशी त्याची आई दवाखान्यात आली. म्हणाली, ‘‘डॉक्टर, अंगावरच्या आता धरत आल्यात, पण ह्याला बोलवत नाही हो. दोन शब्द बोलला की थांबतोय.’’

मी घरी गेलो. माणूस उशांना टेकून बसला होता, मिनिटाला अडतीस श्वास चालले होते, नखं निळसर पडली होती. दिवसाला पंधरा-वीस विड्या ओढायची त्याची सवय गावाला ठाऊक होती. जिल्ह्याच्या इस्पितळात तो बारा दिवस राहिला, त्यातले सहा अतिदक्षता विभागात. वाचला. पण वर्कशॉप तीन महिने बंद राहिलं आणि उपचारांपायी घरातलं होतं नव्हतं ते सोनं गहाण पडलं.

‘‘पोराला तर काहीच झालं नाही, मग बापाला कसं?’’ असं त्या माउलीनं मला नंतर विचारलं. रास्त प्रश्न होता.

लस येण्यापूर्वीच्या काळातले अमेरिकेतले आकडे याचं उत्तर देतात. एक ते चौदा वर्षांच्या मुलांत कांजिण्या झालेल्या लाखात साधारण एक जण दगावे. तीस ते एकोणपन्नास या वयात हेच प्रमाण लाखात पंचवीसच्या घरात होतं. आकडा लहान आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण पंचवीस पट हा फरकही लहान नाही. मोठ्यांना ताप जास्त येतो, फोड अधिक येतात आणि विषाणू फुप्फुसात उतरण्याचा धोका मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतो. हा न्यूमोनिया बहुधा फोड आल्यावर पहिल्या आठवड्यातच सुरू होतो, म्हणजे नेमकं ‘आता उतरणीला लागलं’ असं वाटतं तेव्हा. विडी-सिगारेट ओढणारे आणि गर्भवती स्त्रिया यांना तो अधिक गाठतो.

शिवाय आपल्या हवामानाचाही यात वाटा आहे. थंड देशांत लसीपूर्वी बहुतेक मुलांना दहा वर्षांच्या आत कांजिण्या होऊन जात. उष्ण प्रदेशांत मात्र त्या न होताच मोठी झालेली माणसं पुष्कळ असतात. उष्णतेत हा विषाणू फार तग धरत नाही, हे त्याचं एक कारण मानलं जातं. त्यामुळे गावाकडची मुलगी किंवा मुलगा शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईला जातो, होस्टेलात किंवा कॉट बेसिसवर सहा जणांत राहतो आणि बावीस-पंचविसाव्या वर्षी त्याला कांजिण्या गाठतात. परगावी, परीक्षेच्या तोंडावर, आणि खोलीतली बाकीची पाच जणं दाराबाहेर उभी!

चोवीस तासांचं गणित

कांजिण्यांच्या विषाणूवर चालणारं औषध म्हणजे असायक्लोव्हिर. ज्यांच्या प्रयोगशाळेत या औषधाचं मोलाचं काम झालं, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. हे औषध विषाणूला मारत नाही, त्याची पैदास रोखतं. म्हणूनच विषाणूची संख्या भरमसाट वाढण्याआधी ते पोटात जावं लागतं. १९९२ साली अमेरिकेच्या नौदलातल्या प्रौढ रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरळ उठल्यापासून २४ तासांत औषध सुरू केलेल्यांचे फोड लवकर सुकले, आजाराचा जोर कमी राहिला. त्यानंतर सुरू केलेल्यांना तसा लाभ दिसला नाही.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. वय चौदा-पंधराच्या पुढे असेल आणि अंगावर पाणीदार फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. आधी फोन करून जावं, म्हणजे बाकड्यावर बसलेल्या गर्भवतीला आणि तान्ह्या बाळाला प्रसाद मिळत नाही. प्रौढांना या गोळ्या साधारणपणे ८०० मिलिग्रॅमच्या, दिवसातून चार ते पाच वेळा, पाच ते सात दिवस देतात. त्या काळात पाणी भरपूर प्यावं लागतं आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा कमी करावी लागते. तेव्हा दुकानातून परस्पर आणून घेण्याचं हे औषध नव्हे. चोवीस तास उलटले असले तरी डॉक्टरांकडे जाणं सोडू नये. दम लागणारा रुग्ण, गर्भवती, कॅन्सरचे उपचार चालू असलेला किंवा दमा-संधिवातासाठी स्टिरॉइड घेणारा, अशांना उशिरानेही औषध द्यावं लागतं, कधी सलाइनवाटे. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र मनानं एकदम बंद करू नयेत. ‘मी त्या घेतो’ एवढं पहिल्या वाक्यात सांगावं.

तापासाठी पॅरासिटामोल पुरेसं आहे. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावं. ॲस्पिरिननं मुलांत यकृत आणि मेंदूचा गंभीर विकार उद्भवू शकतो. आयबुप्रोफेन घेतलेल्यांत कातडीचा जंतुसंसर्ग बळावल्याचं दिसलं आहे.

आंघोळ बंद ठेवण्याची रीत सोडावी. रोज कोमट पाण्यानं आंघोळ करून अंग न घासता टिपून घेतलं, तर फोडांत पू होण्याचं प्रमाण कमी होतं. नखं बारीक कापावीत, खाजेवर कॅलामाइन लोशन लावावं, कपडे सुती व सैल घालावेत. निंबाचा पाला अंथरुणावर ठेवायला माझी काहीच हरकत नसते. फुटलेल्या फोडांवर वाटलेला पाला चोळू नये, एवढंच मी सांगतो. मीठ तोडण्याची गरज नाही. तोंडात फोड असतील तर पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, ताक असं सोसवेल ते द्यावं.

आणि लक्ष ठेवावं ते फोडांपेक्षा श्वासावर. कोरडा खोकला, छातीत दुखणं, चालताना दम लागणं, उतरलेला ताप पुन्हा चढणं, गुंगी, बरळणं, तोल जाणं, एखादा भाग लाल होऊन ठणकणं, फोडांत रक्त उतरणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढायची नाही. कोविडच्या साथीत घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर कपाटात असेल तर बाहेर काढावं. आकडा ९४ च्या खाली गेला, की इस्पितळ. आकडा बरा असूनही दम लागत असेल, तर विश्वास दम्यावर ठेवावा, यंत्रावर नाही.

माहेरी केलेला फोन

त्याच घरात धाकटी सून चौथ्या महिन्याची गर्भवती होती. मला खरी धास्ती तिची होती. गर्भारपणाच्या पहिल्या वीस आठवड्यांत कांजिण्या झाल्या तर शंभरात एखाद-दुसऱ्या बाळात डोळे, हातपाय वा मेंदूचं व्यंग राहू शकतं. बाळंतपणाच्या आधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस या काळात आईला फोड आले, तर नवजात बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. शिवाय आईला स्वतःला न्यूमोनियाचा धोका असतोच.

तिला मी विचारलं, ‘‘लहानपणी तुला आल्या होत्या का?’’ तिला आठवेना. तिनं माहेरी फोन लावला. पलीकडून आईनं सांगितलं, ‘‘दुसरीत असताना आल्या होत्या की! कपाळावरचा तो वण त्याचाच.’’ सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नसत्या आल्या, तर तातडीनं रक्त तपासून तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन किंवा औषध याचा विचार करावा लागला असता.

तिचा नवरा फिरतीवर होता, तो भावाच्या आजारपणात परतला. त्याला लहानपणी कांजिण्या झालेल्या नव्हत्या, आणि तो मला भेटेतो संसर्गानंतर लस देण्याचे पहिले तीन ते पाच दिवस निघून गेले होते. एका घरात राहणाऱ्या आणि पूर्वी न झालेल्या दहांपैकी नऊ जणांना हा रोग होतो. संसर्गापासून फोड दिसेपर्यंत दहा ते एकवीस दिवस जातात. मी त्याला ते दिवस कॅलेंडरवर खुणा करून दिले. पोटावर तीन फोड दिसले त्याच संध्याकाळी तो आला. आठ दिवसांत सगळ्या खपल्या धरल्या आणि तो कामाला लागला. दोघा भावांच्या नशिबात फरक करायला विडीचा हातभार असेलही, पण मी त्यातला मोठा वाटा त्या संध्याकाळला देतो.

नागीण आणि लस

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीर सोडत नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी तो वर्षानुवर्षं दडून बसतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर एका पट्ट्यात नागीण म्हणून उठतो. नागिणीचं तोंड नि शेपूट जुळलं की माणूस मरतो, ही निव्वळ भीती आहे. पण आजीच्या नागिणीच्या ओल्या फोडांतून कांजिण्या न झालेल्या नातसुनेला कांजिण्या होऊ शकतात, हे मात्र खरं.

यावर लस आहे. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांचा मुलगा कांजिण्यांनी बेजार झाला होता. त्यातून प्रेरणा घेऊन त्यांनी १९७४ साली ती तयार केली. मोठ्यांना चार ते आठ आठवड्यांच्या अंतरानं दोन मात्रा घ्याव्या लागतात. आपल्याकडे सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, विकत घ्यावी लागते. गर्भारपणात ती देत नाहीत आणि घेतल्यावर निदान एक महिना दिवस राहू देऊ नयेत. म्हणून लग्न ठरलेल्या मुलींनी, होस्टेलला निघालेल्या मुलांनी, शिक्षकांनी, परिचारिकांनी ती आधीच घ्यावी.

त्याआधी एक बिनखर्चाचं काम आहे. मला कांजिण्या झाल्या होत्या का, हे आपल्याला स्वतःला बहुधा आठवत नाही. ते आईला, मावशीला, थोरल्या बहिणीला आठवतं, आणि ही माणसं काही कायमची पुरणार नाहीत. आज रविवार आहे. विचारून घ्या, आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे हो किंवा नाही असं वहीत लिहून ठेवा. उत्तर ‘नाही’ असेल, तर उद्याच आपल्या डॉक्टरांशी लसीबद्दल बोला.