डबा ऐसपैस खेळा, उच्चार बदला!

जन्मून चार-पाच दिवस झालेलं बाळ रडतं तेसुद्धा मातृभाषेच्या चालीवर! २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी तीस फ्रेंच आणि तीस जर्मन नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं. फ्रेंच बाळांचा सूर चढत गेला, जर्मन बाळांचा उतरत आला. पोटात असताना ऐकलेल्या बोलण्याचा हा ठसा. त्यामुळे न्यू जर्सीत जन्मलेल्या नातवाला ‘मराठीचा गंध नाही’ असं म्हणण्याआधी जरा थांबा. त्याची आई गरोदरपणी घरात मराठी बोलत असेल, तर त्याच्या कानाची सुरुवात मराठीनेच झाली आहे.

त आणि ट कुणाला कळतात?

सहा महिन्यांच्या कुठल्याही बाळाला कळतात, मग ते कॅनडातल्या इंग्रजी घरातलं का असेना. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये हिंदीतले त आणि ट इंग्रजी घरातल्या बाळांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी फरक ओळखला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना मात्र तो जवळपास ऐकूच येईना. घरात जे ध्वनी कानावर पडत नाहीत, त्यांतला फरक टिपणं मेंदू वर्षभरातच कमी करतो.

वाटी, वाडी की वारी?

अमेरिकेत वाढलेली मुलगी पुण्यात येऊन आजीकडे ‘वाटी’ मागते, तेव्हा आजीला ‘वाडी’ ऐकू येतं, कधी ‘वारी’. कारण अमेरिकी इंग्रजीत दोन स्वरांच्या मधला ट जिभेच्या एका निसटत्या फटक्यात उरकतात. शब्दाच्या सुरुवातीला मात्र तोच ट हवेचा झोत घेऊन येतो, म्हणून ‘टोपी’ची ‘ठोपी’ होते. भाताचा ‘बात’, घराचं ‘गर’, बाळाचं ‘बाल’, पाण्याचं ‘पानी’ ही बाकीची मंडळी. इंग्लंडहून आलेल्या मुलांची तऱ्हा निराळी. तिथल्या पुष्कळ भागांत शब्दाच्या शेवटचा र गळतो, म्हणून मुलं ‘कार’ला ‘का’ म्हणतात.

सगळ्यात अवघड आपला च. ‘चार’मधला वेगळा, ‘चांगले’मधला वेगळा, आणि लिपीत दोघांना अक्षर एकच! म्हणजे हा च पुस्तकातून कळायची सोय नाही. तो माणसांकडूनच घ्यावा लागतो.

आई-बाबा हरतात, मैदान जिंकतं

मुलांचे उच्चार ठरवतं कोण? पॉल कर्सविल आणि अ‍ॅन विल्यम्स यांनी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये हे तपासलं. हे १९६७ नंतर वसवलेलं नवं शहर, त्यामुळे बहुतेक कुटुंबं बाहेरून आलेली. चार वर्षांची मुलं घरच्यांसारखी बोलत होती. आठ आणि बारा वर्षांची मुलं सवंगड्यांसारखी. परदेशातून पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये परतलेल्या मुलांचं नेमकं हेच होतं. डबा ऐसपैसमध्ये राज्य आलं की ‘टाइम प्लीज’ इतरांसारखं ओरडावंच लागतं. ‘भोज्जा’ नीट म्हणता आला नाही तर भांडण हरण्याची भीती! महिनोन्‌महिने उच्चार सुधारत बसलेल्या आईपेक्षा जिन्याखालचं अर्ध्या तासाचं भांडण जास्त शिकवून जातं, असं माझं ठाम मत आहे.

टीव्हीला मात्र हे जमत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांसमोर मँडरिन बोलणारी माणसं बसवली. बारा बैठकांत बाळं चिनी ध्वनी ओळखू लागली. तेच बोलणं टीव्हीवरून ऐकवलं, तर पदरी शून्य!

घर अगदीच हरतं असंही नाही. फिलाडेल्फियाजवळच्या किंग ऑफ प्रशिया या उपनगरात अर्विला पेन यांना आढळलं, की बाहेरून आलेली मुलं तिथले सोपे उच्चार पटकन उचलतात. पण तिथल्या ‘अ‍ॅ’ची एक गुंतागुंतीची रीत आहे. ती पुरती साधली ती आई-बाबाही तिथलेच असलेल्या मुलांना.

धाकटी पुढे, थोरला मागे

एकाच विमानाने आलेल्या भावंडांत हा फरक सर्रास दिसतो. जॅक चेंबर्स यांनी १९९२ मध्ये कॅनडाहून इंग्लंडला गेलेल्या सहा मुलांचा अभ्यास मांडला. सात वर्षांच्या आतलं मूल नवी बोली जवळपास हमखास आत्मसात करतं, चौदाच्या पुढे ते जवळपास अशक्य, असा त्यांचा अंदाज. नवे शब्द मात्र सगळेच आधी उचलतात, उच्चार मागून येतात. तेव्हा नववीतला दादा ‘काला कावला’ म्हणाला तर त्याला आळशी ठरवू नका. मोठेही बदलतात, पण हळूहळू. राणी एलिझाबेथ यांच्या नाताळच्या भाषणांची जुनी-नवी ध्वनिमुद्रणं तपासल्यावर त्यांचेही स्वर काही दशकांत सामान्य इंग्रजांच्या दिशेने सरकलेले आढळले.

हसू नका, खरंच

जपानमध्ये परदेशातून परतलेल्या मुलांना ‘किकोकुशिजो’ म्हणतात. त्यांतली कित्येक मुलं वर्गात चारचौघांत उठून दिसू नये म्हणून आपलं अस्खलित इंग्रजी मुद्दाम जपानी ढंगात बोलतात. उच्चारावरून आपला-परका ठरवणं मुलांत फार लवकर सुरू होतं. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात पाच वर्षांच्या गोऱ्या मुलांनी परक्या उच्चारांच्या गोऱ्या मुलाऐवजी आपल्यासारखं बोलणारा काळा मुलगा मित्र म्हणून निवडला. रंगापेक्षा उच्चार भारी! म्हणूनच लग्नघरात ‘बोल ना जरा तुझं ते मराठी’ म्हणत मुलाला सगळ्यांसमोर उभं करणं मला निर्दयपणाचं वाटतं. तोंड मिटलं की सरावही थांबला.

कानात साठलेलं

लहानपणी नुसती कानावर पडलेली भाषाही वाया जात नाही. कॅलिफोर्नियात टेरी आऊ यांनी स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी तपासले. बालपणी ती भाषा नुसती ऐकलेल्यांचे उच्चार मूळ भाषकांच्या जवळ जाणारे निघाले. व्याकरणात मात्र ते इतरांइतकेच चुकत होते. याहून थक्क करणारी गोष्ट नेदरलँड्समधली. लहानपणी कोरियातून दत्तक गेलेल्या, कोरियन अजिबात न येणाऱ्या प्रौढांना ते ध्वनी शिकवले, तेव्हा त्यांनी इतर डचांपेक्षा सरस उच्चार केले. त्यांतले काही जण तर सहा महिन्यांचे होण्याआधीच कोरिया सोडून गेले होते.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, तेव्हा परतलेल्या मुलांना वर्गातही मराठी भेटतेच. पण शाळा शोधताना सोसायटीत संध्याकाळी मुलं खाली खेळायला उतरतात का, हेही विचारून घ्या.