आपल्या चित्रपटाची वाट

आषाढ लागला की आपल्या भागात रोवणी सुरू होते. दिवसभर बांधीत वाकलेला माणूस संध्याकाळी चित्रपटाला जात नाही. आमच्या बिरसीत विमानतळ आहे, पण चित्रपट पाहायचा तर गोंदियाच गाठावे लागते. तेव्हा हे दिवस टॉकीजवाल्यांना मंदीचे. मात्र अशाच दिवसांत घरातील मुले विचारू लागतात, "आपला नवीन पिक्चर कधी येणार?"

आपला म्हणजे कोणता? ज्यात आपली माणसे ताठ मानेने उभी दिसतात तो. अशा चित्रपटाची वाट समाजाने फार पाहिली आहे. 1954 साली आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटाचा मुहूर्त बाबासाहेबांच्या हस्ते झाला. त्याच वर्षी बाबासाहेब भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लढले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते.

खुद्द बाबासाहेबांवरील जब्बार पटेल यांचा चित्रपट 2000 साली आला. मामुट्टी यांना त्यातील भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शासनाचा पैसा लागला होता, तरीही तो सर्वदूर पोचला नाही. तामिळनाडूत तर त्याची तामिळ आवृत्ती लागायला 2010 साल उजाडले.

नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉल खेळणाऱ्या मुलांवरचा नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आधी 2019 मध्ये येणार होता. तारखा पुढे गेल्या, मग कोरोनाने टॉकीज बंद पडल्या. अखेर 4 मार्च 2022 रोजी तो लागला. भीमजयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर अमिताभ बच्चन उभे आहेत, हे दृश्य हिंदी पडद्यावर दिसायला एवढी वर्षे लागली!

2025 मध्ये हिंदी 'फुले' चित्रपट जोतिबांच्या जयंतीला, 11 एप्रिलला येणार होता. आक्षेप घेतले गेले, सेन्सॉरने जातिवाचक शब्दांना कात्री सुचविली आणि तो 25 एप्रिलला आला. म्हणजे आपला इतिहास पडद्यावर यायचा तर आधी त्याला परवानगीच्या दारात उभे राहावे लागते.

म्हणून वाचकहो, वाट पाहणे म्हणजे नुसते बसून राहणे नव्हे. टॉकीजचा हिशेब सरळ असतो : पहिल्या तीन-चार दिवसांत खुर्च्या रिकाम्या राहिल्या की खेळ कमी होतात, आणि आपण "पुढच्या रविवारी जाऊ" म्हणेपर्यंत चित्रपट उतरलेला असतो. मोबाईलवर फुकट पाहिलेल्या चित्रपटाची गणती त्या हिशेबात होत नाही.

सध्या टॉकीज ओस असल्या, तरी वर्षावासात विहारे भरलेली असतात. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आटोपले की येणाऱ्या चित्रपटाची माहिती तेथेच द्यावी. महिला मंडळाने दर आठवड्याला थोडे पैसे बाजूला ठेवावेत. चांगला चित्रपट लागताच मुलाबाळांसह, आजी-आजोबांसह पहिल्याच आठवड्यात जावे. आवडला नाही तर तेही मोकळेपणाने बोलावे; पण पाहून बोलावे.

जयभीम!